हवेची तार होते तेव्हा : बिनतारी जाळ्यातले थर

इंटरनेटवरून माहिती कशी पाठवायची याचा पायाभूत नियम म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉल, थोडक्यात आयपी. तो सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. वाय-फायचे पहिले मानक आले १९९७ मध्ये, म्हणजे तब्बल सोळा वर्षांनी. तांब्याच्या तारेच्या जागी मोकळी हवा आली, स्थिर संगणकाच्या जागी खिशातला फोन आला आणि तरीही वाय-फायसाठी आयपीमध्ये एका अक्षराचाही बदल करावा लागला नाही. बँकेचे ॲप, ईमेल, व्हिडिओ कॉल यांपैकी कुणालाच आपली माहिती तारेवरून चालली आहे की हवेतून, हे ठाऊक नसते. ठाऊक असण्याची गरजही नसते.

ही किमया थरांच्या रचनेची आहे. घरातला राउटर, ऑफिसच्या छतावरचा ॲक्सेस पॉइंट, फोनमधली वाय-फाय चिप ही सगळी यंत्रे या थरांत नेमकी कुठे बसतात, हे समजून घेतले की आधुनिक काळातील एका अत्यंत सुंदर अभियांत्रिकी विचाराची ओळख होते.

सात थर

संगणक जाळ्याचे काम एकाच अवाढव्य प्रोग्रॅमने करायचे ठरवले, तर एक तार बदलली तरी सगळे पुन्हा लिहावे लागेल. म्हणून काम थरांत वाटले गेले. प्रत्येक थराने आपल्या खालच्या थराकडून सेवा घ्यायची, वरच्या थराला सेवा द्यायची आणि दुसऱ्याच्या कारभारात डोकावायचे नाही, एवढाच नियम. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजे आयएसओने, १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओएसआय मॉडेलमध्ये असे सात थर आहेत.

सर्वांत खाली फिजिकल, म्हणजे भौतिक थर. शून्य आणि एक यांचे विद्युत, प्रकाश किंवा रेडिओ संकेतांत रूपांतर करणे हे त्याचे काम. त्यावर डेटा लिंक थर : एकाच जाळ्यातल्या दोन यंत्रांमध्ये माहितीची छोटी पाकिटे, म्हणजे फ्रेम, पोहोचवणारा. तिसरा नेटवर्क थर : एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात वाट काढणारा. आयपी इथला. चौथा ट्रान्सपोर्ट थर : गरजेप्रमाणे गहाळ झालेले पुन्हा मागवून, क्रम लावून माहिती पूर्ण करणारा. टीसीपी आणि यूडीपी इथले. त्यावरचे सेशन, प्रेझेंटेशन आणि ॲप्लिकेशन हे तीन थर प्रत्यक्ष व्यवहारात बहुधा एकत्रच वावरतात. टीसीपी-आयपी मॉडेलमध्ये तर त्यांचा एकच थर मानतात.

इंजिनिअर मंडळी बोलताना थरांची नावे क्वचितच घेतात. ‘हा लेयर टू स्विच आहे’, ‘प्रॉब्लेम लेयर वनला आहे’, अशीच त्यांची भाषा असते. बिनतारी यंत्रांची ओळखही याच भाषेत होते : त्यांचे सारे वेगळेपण पहिल्या दोन थरांत सामावलेले आहे.

बिनतारीच्या पोटी जन्मलेली कल्पना

वायरलेस हा या व्यवस्थेत मागाहून आलेला पाहुणा, असा अनेकांचा समज असतो. इतिहास उलटे सांगतो. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या अर्पा या संस्थेकडे तीन वेगवेगळ्या स्वभावांची जाळी होती : टेलिफोनच्या तारांवरचे अर्पानेट, उपग्रहावरचे सॅटनेट आणि जमिनीवरचे पॅकेट रेडिओ. वेग निराळे, फ्रेमचे आकार निराळे, चुकांचे प्रमाण निराळे. या तिघांना जोडायचे कसे, या प्रश्नातून बॉब कान आणि व्हिंट सर्फ यांनी १९७४ मध्ये आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यातूनच पुढे टीसीपी आणि आयपी आले.

२२ नोव्हेंबर १९७७ रोजी या विचाराची कसोटी लागली. स्टॅनफर्डजवळच्या एसआरआय या संस्थेची रेडिओ बसवलेली एक व्हॅन सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या महामार्गावर धावत होती. तिच्यातून निघालेली माहितीची पाकिटे रेडिओवरून अर्पानेटमध्ये गेली, उपग्रहावरून अटलांटिक ओलांडून युरोपात पोहोचली आणि तिथून परत येऊन लॉस एंजेलिस परिसरातल्या संगणकात दाखल झाली. सहाएकशे किलोमीटरवरच्या संगणकासाठी सुमारे दीड लाख किलोमीटरचा प्रवास झाला. तीन जाळी, तीन भौतिक माध्यमे आणि वर एकच समान भाषा. इंटरनेटच्या या पहिल्या मोठ्या प्रयोगाची सुरुवात चालत्या गाडीतून, हवेतून झाली होती. थरांची गरज प्रकर्षाने भासली तीच मुळी बिनतारीमुळे.

पहिला थर : शंभर कोटींतला एक भाग

वाय-फायचा पहिला थर काय करतो, हे एका आकड्यावरून कळते. घरातला राउटर साधारण १०० मिलिवॉट शक्तीने लहरी सोडतो. दुसऱ्या खोलीतल्या फोनवर सिग्नल मोजणारे ॲप उघडले, तर तिथे उणे ७० डीबीएम असा काहीसा आकडा दिसतो. हा सिग्नल चांगला समजला जातो. त्याचा अर्थ असा, की सोडलेल्या शक्तीचा शंभर कोटींतला एक भाग फोनच्या अँटेनापर्यंत पोहोचला आहे. एवढ्याशा शक्तीतून फोन सेकंदाला कोट्यवधी बिट अचूक वेचून काढतो.

वाटेत अडथळेही पुष्कळ. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. ती भिंतीवर, कपाटावर, फ्रिजवर आपटून परावर्तित होते आणि एकाच संकेताच्या अनेक प्रती थोड्या थोड्या उशिराने पोहोचून एकमेकींत मिसळतात. वेगवान संदेशवहनाला ही मोठीच अडचण होती. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेत जॉन ओ’सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात तिच्यावर महत्त्वाचे काम केले. ओ’सलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्रातले. पुढे २००९ मध्ये आलेल्या वाय-फायच्या ८०२.११एन मानकाने तर अडचणीचेच भांडवल केले : अनेक अँटेना लावून, वेगवेगळ्या वाटांनी येणाऱ्या लहरींवर वेगवेगळी माहिती एकाच वेळी पाठवायला सुरुवात केली. घरच्या राउटरवर तीन-चार अँटेना दिसतात त्या यासाठी.

या लहरी वापरायला परवाना लागत नाही, हेही महत्त्वाचे. अमेरिकेने १९८५ मध्ये काही पट्टे अशा वापराला खुले केले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन सगळे याच पट्ट्यात गर्दी करतात. ती गर्दी सांभाळायची जबाबदारी वरच्या थरावर पडते.

दुसरा थर : आधी ऐकायचे, मग बोलायचे

हवा सर्वांची असते. दोन यंत्रे एकाच वेळी बोलली, तर दोघांचेही बोलणे वाया जाते. या प्रश्नाशी पहिली झुंज हवाई बेटांवर झाली. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने जून १९७१ मध्ये अलोहानेट सुरू केले. बेटांवरची टर्मिनल्स रेडिओवरून होनोलुलूच्या मुख्य संगणकाशी जोडली गेली. नियम अगदी साधा : माहिती असेल तेव्हा पाठवा, पोच आली नाही तर यदृच्छया काही वेळ थांबा आणि पुन्हा पाठवा. गणिताने दाखवून दिले, की या पद्धतीत माध्यमाचा जास्तीत जास्त १८ टक्के उपयोग होऊ शकतो.

झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये हाच विचार सुधारून तारेवर आणला, तो इथरनेट. तिथे बोलण्याआधी तार मोकळी आहे का हे ऐकले जाते आणि बोलता बोलता टक्कर झालीच, तर ती लगेच ओळखून थांबता येते. ८०२.११ मानकाने, म्हणजे वाय-फायने, तो पुन्हा हवेत नेला तेव्हा मात्र एक गोष्ट हातातून निसटली. रेडिओ स्वतः बोलत असताना त्याचाच आवाज इतका प्रचंड असतो, की शंभर कोटींतल्या एका भागाएवढा दुसऱ्याचा क्षीण आवाज त्याला ऐकू येणे अशक्य. टक्कर ओळखता येत नाही, म्हणून ती टाळावी लागते.

ते कसे घडते, हे मायक्रोसेकंदांत पाहण्याजोगे आहे. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात फ्रेम पाठवायची असेल, तर फोन आधी हवा सलग ३४ मायक्रोसेकंद शांत आहे का हे पाहतो. मग तो मनात शून्य ते पंधरा यांपैकी एक अंक यदृच्छया निवडतो आणि ९ मायक्रोसेकंदांच्या एकेका टप्प्याने तो उलटा मोजतो. मध्येच दुसरे कुणी बोलू लागले, तर मोजणी थांबते आणि हवा मोकळी झाल्यावर तिथूनच पुढे सुरू होते. शून्यावर आल्यावर फ्रेम निघते. ती नीट पोहोचली, तर समोरचे यंत्र अवघ्या १६ मायक्रोसेकंदांच्या विरामानंतर पोच देते. पोचेसाठीचा विराम मुद्दाम इतरांच्या विरामापेक्षा लहान ठेवला आहे, म्हणजे मध्ये कुणी घुसू शकत नाही. पोच आली नाही, तर निवडीचा पल्ला साधारण दुप्पट होतो आणि खेळ पुन्हा सुरू होतो.

ही पोच तारेवरच्या इथरनेटमध्ये नसते. वाय-फायला ती का लागली? कारण टीसीपीची समजूत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस टीसीपीत गर्दीनियंत्रण आले तेव्हापासून पाकीट हरवले, की ‘वाटेत गर्दी झाली आहे’ असे मानून टीसीपी आपला वेग एकदम कमी करतो. हवेत मात्र पाकीट गर्दीशिवायही हरवते. कुणी दार लावले, कुणी मध्ये येऊन उभे राहिले, तेवढेही पुरते. असा प्रत्येक तोटा वर कळला असता, तर टीसीपी सतत रांगत राहिला असता. म्हणून दुसरा थर आपल्या पातळीवरच फ्रेम पुन्हा पुन्हा पाठवून ती पोहोचवतो आणि वरच्या थराला हवेचा चंचलपणा सहसा कळू देत नाही. बेभरवशाच्या हवेतून बऱ्यापैकी भरवशाची तार इथे घडते.

चार पत्त्यांची फ्रेम

इथरनेटच्या फ्रेमवर दोन पत्ते असतात : पाठवणारा आणि घेणारा. वाय-फायच्या फ्रेममध्ये चार पत्त्यांची सोय आहे. नेहमीच्या वापरात त्यांपैकी तीन भरले जातात. समजा, ऑफिसात फोनवरून तारेने जोडलेल्या प्रिंटरला काही पाठवायचे आहे. फोनच्या फ्रेमवर पहिला पत्ता ॲक्सेस पॉइंटचा, कारण हवेतून ऐकणारा तो आहे. दुसरा फोनचा. तिसरा प्रिंटरचा, कारण खरा मुक्काम तो आहे. ॲक्सेस पॉइंट ही फ्रेम घेतो, तिच्यावरचे वाय-फायचे आवरण उतरवतो, इथरनेटचे दोन पत्त्यांचे आवरण चढवतो आणि तारेवर सोडतो. आतल्या आयपी पाकिटाला तो हात लावत नाही.

पूर्वी कुर्डुवाडीला बार्शी लाइटच्या अरुंद रुळांवरचा माल मोठ्या रुळांच्या वाघिणींत चढवत. माल तोच राही, वाघीण तेवढी बदले. ॲक्सेस पॉइंटचे काम नेमके हेच आहे. म्हणून तो दुसऱ्या थरावरचे यंत्र ठरतो. त्याला ब्रिज म्हणतात. चौथा पत्ता उपयोगी पडतो तो दोन ॲक्सेस पॉइंट तारेविना एकमेकांशी बोलतात तेव्हा.

फोन किंवा लॅपटॉपमधली वाय-फाय चिप पहिल्या आणि दुसऱ्या थरांवर असते आणि तिचे सोंग इतके बेमालूम, की ऑपरेटिंग सिस्टिमला ती बहुधा साध्या इथरनेट कार्डासारखीच भासते. नेटवर्क शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी वायरशार्क हा प्रोग्रॅम वाय-फायवर चालवून पाहावा. नेहमीच्या पद्धतीत त्यात इथरनेटच्याच फ्रेम दिसतात. हवेतल्या खऱ्या फ्रेम पाहायच्या तर चिप वेगळ्या, मॉनिटर मोडमध्ये न्यावी लागते.

एका खोक्यात अनेक यंत्रे

घरात ज्याला आपण ‘वाय-फाय राउटर’ म्हणतो, ते एक यंत्र नसून एका खोक्यात दाटीने बसवलेली अनेक यंत्रे आहेत. अँटेना आणि रेडिओ पहिल्या थरावर. ॲक्सेस पॉइंट दुसऱ्यावर. मागच्या बाजूला ओळीने असलेली लॅन पोर्ट म्हणजे दुसऱ्या थरावरचा स्विच. वेगळ्या रंगाचे वॅन पोर्ट आणि या सर्वांच्या मध्ये खरा राउटर, तिसऱ्या थरावर. घरातल्या सगळ्यांना मिळून बाहेरचा एकच आयपी पत्ता वापरू देणारी नॅट व्यवस्था तिसऱ्या-चौथ्या थरावर. प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता वाटणारा डीएचसीपी सर्व्हर आणि पासवर्ड बदलण्यासाठी आपण ब्राउझरमध्ये उघडतो ते पान, ही दोन्ही ॲप्लिकेशन थरावर.

रेंज वाढवण्यासाठी विकले जाणारे रिपीटर नावावरून पहिल्या थरावरचे वाटतात. प्रत्यक्षात ते फ्रेम पूर्ण घेऊन, तपासून पुन्हा पाठवतात, म्हणजे ते दुसऱ्या थरावर काम करतात. एकच रेडिओ असेल, तर तीच फ्रेम त्याच हवेतून दोनदा जाते आणि वेग निम्म्यावर येतो, त्याचे कारण हेच. मोठ्या कंपन्या, रुग्णालये, विमानतळ येथे शेकडो ॲक्सेस पॉइंट एका कंट्रोलरच्या ताब्यात असतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅपवॅप या पद्धतीत हवेतून आलेली दुसऱ्या थराची फ्रेम चौथ्या थरावरच्या यूडीपी पाकिटात घालून कंट्रोलरकडे धाडता येते. खालचा थर वरच्या थराच्या पोटात बसून प्रवास करतो आणि तरीही सगळे सुरळीत चालते.

थरांची मर्यादा दिसते तेव्हा

दुसरा थर पोचेची वाट पाहतो, पण किती? वाय-फाय घरासाठी आणि ऑफिससाठी घडले, म्हणून ही मुदत फार तर काही डझन मायक्रोसेकंदांची. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. अंतर काही किलोमीटरचे झाले, की पोच येण्याआधीच मुदत संपते आणि पोहोचलेली फ्रेमही पुन्हा पाठवली जाते. रेडिओ उत्तम, अँटेना उत्तम आणि तरीही दुवा चालत नाही.

या प्रश्नावर भारतात मोलाचे काम झाले. भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी आयआयटी कानपूरमध्ये ग्रामीण भागातले लांब पल्ल्याचे वाय-फाय दुवे अभ्यासले आणि २००५ मध्ये नवा दुसरा थर सुचवला. वाय-फायच्या स्वस्त चिपा तशाच ठेवायच्या. ऐकून बोलण्याऐवजी मात्र ठरलेल्या वेळी आळीपाळीने पाठवायचे आणि घ्यायचे. हे दोघेही पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले. तामिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने अशाच लांब दुव्यांवरून खेड्यांतल्या रुग्णांची व्हिडिओवरून तपासणी केली. ते तंत्र बर्कली विद्यापीठाच्या गटाचे होते. व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी २००७ मध्ये ३८२ किलोमीटर अंतरावर वाय-फाय चालवून दाखवले. तिथे लहरीला जाऊन येण्यासच अडीच हजार मायक्रोसेकंद लागतात.

पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने आणखी वेगळी वाट धरली. टीव्हीच्या यूएचएफ पट्ट्यातली न वापरलेली जागा घेऊन खेड्यांपर्यंत इंटरनेट न्यायचे आणि गावात ते वाय-फायने वाटायचे. झाडीतून, चढउतारांतून या लांब लहरी अधिक चांगल्या जातात. खालचा थर बदलला. गावकऱ्यांचे फोन आणि त्यांवरची ॲप तीच राहिली.

कुलूप कोणत्या थरावर?

वाय-फायचा पासवर्ड हे दुसऱ्या थरावरचे कुलूप आहे. तो फोनपासून ॲक्सेस पॉइंटपर्यंतच माहिती झाकतो. पुढे तारेवर ते आवरण उतरते. फ्रेमवरचे पत्ते तर झाकलेही जात नाहीत. म्हणून अलीकडचे फोन वेगवेगळ्या जाळ्यांसाठी वेगवेगळे बनावट पत्ते वापरतात. बँकेचा व्यवहार सुरक्षित राहतो तो वरच्या थरांतल्या टीएलएसमुळे, म्हणजे वेबपत्त्याच्या सुरुवातीला असणाऱ्या एचटीटीपीएसमुळे. दोन्ही कुलपे हवीत. एकाचे काम दुसरे करत नाही.

बिघाड शोधताना

थरांचे ज्ञान सर्वाधिक उपयोगी पडते ते नेट बंद पडल्यावर. तपासणी खालून वर करावी. सिग्नलच्या काड्या नाहीत, तर दोष पहिल्या थराचा : जागा बदला, राउटर भिंतीच्या कोपऱ्यातून मोकळ्यावर आणा. काड्या आहेत, पण फोन जोडलाच जात नाही, तर दुसरा थर : पासवर्ड तपासा. जोडला गेला, पण आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो, तर डीएचसीपीकडून पत्ता मिळालेला नाही. पत्ता योग्य आहे, राउटरचे पान उघडते, पण बाहेरचे काहीच उघडत नाही, तर तक्रार राउटरच्या पलीकडच्या लाइनची आहे. तेव्हा सेवा देणाऱ्या कंपनीला फोन करा. संकेतस्थळे नावाने उघडत नाहीत, पण ८.८.८.८ या पत्त्याला पिंग जाते, तर डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी व्यवस्था, पाहा. रेल्वे स्थानकावरच्या मोफत वाय-फायला फोन जोडला, आयपी मिळाला, तरी काही उघडत नसेल, तर बहुधा मोबाइल क्रमांक आणि ओटीपी मागणारे पान तुमची वाट पाहत असते आणि ते सर्वांत वरच्या थरावर आहे.

शाळा-महाविद्यालयांत हे सात थर बहुतेक वेळा परीक्षेपुरते पाठ केले जातात. शिक्षकांना विनंती एवढीच, की वर्गात राउटरचा एक जुना खोका आणावा, वायरशार्क चालवून दाखवावा आणि प्रत्येक थर त्याच्या जागी दाखवून द्यावा. आणि वाचकांनी एवढे नक्की लक्षात ठेवावे : फोनवर दिसणाऱ्या सिग्नलच्या काड्या फक्त पहिल्या थराची खबर देतात. काड्या भरलेल्या असणे म्हणजे इंटरनेट चालू असणे नव्हे.